भाव आपल्या तोंडाने सांगावा

जव्हार-मोखाड्याकडच्या मुलीने फ्रेंच शिकावे, हे ऐकून पुष्कळांना हसू येईल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. परंतु मला फ्रेंच हवे होते ते भाव करण्यासाठी.

आपली वारली चित्रे फ्रान्सला नवी नाहीत. लग्नात सवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात; हीच चित्रकला १९७० नंतर कागदावर आली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची चित्रे १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडली गेली. पुढे २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्र इतके दूर गेले, पण पाड्यावर भाव अजून पुष्कळदा मध्यस्थच बोलतो. माझी आत्या चित्रे काढते. गेल्या वर्षी एक फ्रेंच जोडपे आले. बरोबरच्या दलालाने किती घेतले ते आत्याला कळलेच नाही. तिच्या हातावर पाचशे रुपये टेकवले. घेणारा समोर, करणारी समोर आणि भाव मात्र तिसऱ्याच्या तोंडी! तेव्हापासून पुस्तक आणि मोबाइलवरचे उच्चार यांच्या आधाराने मी काही वाक्ये पाठ केली.

आधी ‘बोंजूर’, म्हणजे नमस्कार. तो न करता एकदम व्यवहाराला लागणे फ्रेंच माणसाला उद्धटपणाचे वाटते. आपल्यासारखेच त्यांच्यातही ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे. त्यांच्या ‘तू’चा उच्चार जवळजवळ आपल्यासारखाच, पण गिऱ्हाइकाला नेहमी ‘व्हू’, म्हणजे ‘तुम्ही’च म्हणावे.

गिऱ्हाईक विचारील, ‘से कोंबियँ?’ म्हणजे ‘केवढ्याला?’ मग म्हणेल, ‘से त्रो शेर’, म्हणजे ‘फार महाग आहे’. हा ‘शेर’ आपल्या जुन्या मापासारखा लक्षात ठेवावा. गंमत अशी, की याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘प्रिय’ असा आहे. फ्रान्समध्ये दुकानात किंमत बहुधा ठरलेली असते. घासाघीस चालते ती जुन्या वस्तूंच्या बाजारात. तेव्हा ‘शेर’ ऐकून लगेच भाव पाडू नये. ‘से फे में’ (हे हाताने केलेले आहे) आणि ‘द झूर द त्राव्हाय’ (दोन दिवसांचे काम) असे शांतपणे सांगावे. शेवटी ‘से मों देर्निए प्री’, म्हणजे ‘ही माझी शेवटची किंमत’.

आकडे कठीण वाटतात, पण आपल्या म्हाताऱ्यांना ते सोपे जातील. फ्रेंच माणूस ऐंशीला ‘कात्र-व्हँ’, म्हणजे ‘चार वीस’ म्हणतो आणि नव्वदला ‘चार वीस दहा’. आपल्याकडची जुनी माणसे विसांच्या हिशेबाने मोजत, तसेच हे!

एवढ्या वाक्यांनी दलाल नाहीसा होणार नाही, हे मी जाणते. पण करणाऱ्या माणसाने कामाचे दिवस मोजून आपला आकडा स्वतः उच्चारला, की तिसऱ्याला तो लपविता येत नाही. मग ते चित्र असो, नाहीतर दादरच्या बाजाराला जाणारा आपला मोगरा असो. मित्रमैत्रिणींनो, आपल्याला शिक्षण मिळाले आहे. घरच्यांना निदान एवढी चार वाक्ये, ज्या भाषेत गिऱ्हाईक बोलते त्या भाषेत, आपण शिकवू या.