नेत्रपृष्ठाचा कर्करोग व एचआयव्ही

नेत्रपृष्ठाचा कर्करोग व एचआयव्ही : नेत्रश्लेष्मकला (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरण) व स्वच्छमंडल यांच्या अधिस्तरातील चपट्या कोशिकांपासून उद्भवणारे मारक अर्बुद व त्याचा एचआयव्ही संसर्गाशी असलेला संबंध. अर्बुद बहुधा बुबुळाच्या कडेला, उघड्या पापण्यांमधून ऊन पडते त्या जागी, गुलाबी वा पांढुरक्या उंचवट्याच्या रूपात दिसते. जंबुपार किरणांमुळे कोशिकांतील डीएनए बिघडते. अशा कोशिका हेरून नष्ट करणारी प्रतिरक्षा यंत्रणा एचआयव्हीमुळे दुर्बल होते. युगांडातील कंपाला येथील रुग्णांच्या १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बहुसंख्य रुग्ण एचआयव्हीबाधित आढळले. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने तर ६० रुग्णांत एचआयव्हीचे पहिले लक्षण हेच अर्बुद असल्याचे नोंदविले आहे.

जळगाव व धुळे जिल्ह्यांत कापसाच्या शेतात दिवसभर उन्हात राबणाऱ्यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी. ‘डोळ्यात मांस वाढले’ ही अशांची नेहमीची तक्रार. ती वाढ बहुधा निरुपद्रवी असते व त्यामुळेच कर्करोगही तीत खपून जातो. म्हणून काढलेला तुकडा फेकून न देता ऊतकपरीक्षेस पाठवावा. कर्करोग ठरल्यास, विशेषतः रुग्ण तरुण असल्यास, त्याच्या संमतीने एचआयव्ही चाचणी करणे अगत्याचे असते; शासकीय रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत ती विनामूल्य होते.

अर्बुद भोवतालच्या थोड्या निरोगी ऊतकासह काढून कडांना शीतचिकित्सा देतात. इंटरफेरॉन वा मायटोमायसीन यांचे थेंबही वापरतात. बाधितांत अर्बुद अधिक खोलवर पसरते व पुन्हा उद्भवण्याचा संभव असतो. त्यामुळे विषाणुरोधी औषधे चालू असतानाही नेत्रतपासणी वर्षानुवर्षे करावी लागते.