चावीची आगगाडी आणि बार्शी लाइट

आमच्या तेरखेडा गावाचा लौकिक फटाक्यांच्या कारखान्यांमुळे. परंतु आमच्या पिढीतील काही मुलांचे चित्त बार्शीच्या पेठेतील, आता नामशेष झालेल्या, एका लहानशा खेळण्यांच्या दुकानात गुंतलेले असे, जेथे दुकानदार, गिऱ्हाइकांची वर्दळ नसेल तेव्हा, काचेच्या कपाटातील पत्र्याची आगगाडी चावी देऊन वर्तुळाकार रुळांवर सोडीत आणि आम्हांस मनसोक्त पाहू देत. तिचे आकर्षण अधिकच वाटे, कारण तिची थोरली बहीण त्याच शहरातून धावत होती: एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केलेली, १९११ साली लातूरला पोहोचलेली आणि १९५४ साली सरकारने खरेदी केलेली बार्शी लाइट रेल्वे. अवघ्या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या मार्गावर, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार न पडू देता, इंजिन आणि डबे यांचे वजन समप्रमाणात विभागण्याची कॅलथ्रॉपसाहेबांची योजना मला आजही अपूर्व वाटते. प्रतिकृतिकारांच्या १:८७ या प्रमाणात तोच मार्ग जेमतेम ९ मिलिमीटर भरतो.

लघुरेल्वे प्रत्यक्ष धावताना पाहावयाची असेल, तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी १९९८ साली खुले केलेले संग्रहालय मुलांसह अवश्य पाहावे.