शिशाच्या नाण्यावरचे जहाज

सातवाहनांचा धडा शिकवताना आम्ही जहाजाचे नाणे दाखवतो, फळ्यावर 'भरभराटीचा सागरी व्यापार' असे लिहितो आणि पुढे जातो. परीक्षेला तेवढे पुरते. यंदा मागच्या बाकावरून नाखवा आडनावाच्या मुलीने विचारले, "यात आमच्या लोकांचं काय आहे?" मग थांबावे लागले.

हे नाणे सोन्याचांदीचे नाही, शिशाचे आहे. म्हणजे बाजारात हातोहात फिरणारी चिल्लर. त्यावर दोन डोलकाठ्यांचे जहाज, ताणलेले दोर, दिशा देणारी वल्ही. उलट बाजूला वर्तुळे जोडलेले 'उज्जैन चिन्ह'. वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि यज्ञश्री सातकर्णी या राजांच्या काळातली, इसवी सनाच्या २ऱ्या शतकातली ही नाणी.

ती मिळाली मात्र प्रामुख्याने पूर्वेला, आंध्र-तमिळ किनाऱ्यावर. म्हणून आपला किनारा रिकामा होता असे नव्हे. 'पेरिप्लस' या १ल्या शतकातल्या ग्रीक पुस्तकात सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे येतात, आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आहेत. पावसाळी वाऱ्यावर अरबस्तानाकडून यायचे आणि वारा फिरला की परतायचे, असा हा रस्ता. 'मान्सून' हा शब्दही अरबी 'मौसिम'वरूनच आला.

याच रस्त्याने हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६च्या सुमारास, अल-मसऊदी चौलला आला. चौलला तो सैमूर म्हणतो. तिथे सुमारे १०,००० मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहिले आहे. सीराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, आणि इथेच जन्मलेलेही. इथल्या मातीत जन्मलेल्यांना 'बयासिरा' असा वेगळा शब्द होता. अकराशे वर्षांपूर्वी! आम्हाला यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते, कारण 'बाहेरून आलेले' हे वाक्य मुलांच्या कानावर लवकर पडते.

नाखवा म्हणजे फारसी 'नाखुदा'. नाव म्हणजे होडी, आणि खुदा इथे धनी या अर्थाने. सुकाणू अरबी 'सुक्कान'वरून आले. कोळीवाड्यातला माणूस हे शब्द रोज वापरतो, तो कुठल्याही धर्माचा असो.

मुलीने सगळे ऐकून घेतले. "आमच्याकडे आता गलबत नाही, टेम्पो आहे," ती म्हणाली. वर्ग हसला, तीही हसली. दुसऱ्या दिवशी मात्र आजोबांना विचारून गलबताच्या भागांची नावे वहीत लिहून आणली. त्यांतली तीन आम्हालाही ठाऊक नव्हती.