छतावरील सौर वीज आणि घरचा जनरेटर : जोडणीतील धोका व उपाय

शहागड हे गाव अंबड तालुक्यात गोदावरीच्या डाव्या तीरावर, सोलापूर-धुळे महामार्गावर वसले आहे. ऊस, कापूस व मोसंबी ही परिसरातील परिचित पिके होत. अशा बागायती गावांत अडीअडचणीसाठी लहान जनरेटर ठेवण्याची रीत जुनीच आहे. त्यात २०२४ साली प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली आणि ३ किलोवॉटच्या घरगुती संचास ७८,००० रुपये अनुदान मिळू लागल्याने छतांवर सौर पत्रेही दिसू लागले. दोन्ही साधने उपयुक्त खरी. परंतु ती एकाच घरात आली की त्यांची जोडणी विचारपूर्वक करावी लागते.

वीज हा प्रस्तुत लेखकाचा मुख्य विषय नव्हे. तथापि शेतकऱ्याच्या ओट्यावर बसले असता पीक, गुरे आणि वीज यांची चर्चा एकत्रच होते. मागील उन्हाळ्यात मोसंबीची बाग पाहून आम्ही एका वयोवृद्ध बागाईतदाराच्या घरी थांबलो. आदल्या रात्रीच्या वळवाच्या वाऱ्याने वीज गेली होती. "साहेब, वर एवढं ऊन हाय अन् घरात पंखा फिरंना. मग सोलर कशाला बसवलं?" असे त्यांनी विचारले. त्यांच्या मुलाने यावर तोड काढली होती. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर त्याने तयार केली होती. तिचे एक टोक जनरेटरला व दुसरे भिंतीवरील प्लगला लावले की घरभर वीज.

ही वायर पाहून आम्ही विचारले, "काका, तार तुटली तर खांबावर कोण चढतं?" ते म्हणाले, "आमच्याच आळीतला पोरगा हाय, महावितरणात."

त्या पोराच्या जिवाशी या वायरीचा संबंध कसा, ते येथे सांगणे अवश्य आहे. वीजवाहिनीशी जोडलेल्या सौर संचाचा इन्व्हर्टर वाहिनीतील वीज गेल्याबरोबर, साधारणतः दोन सेकंदांच्या आत, आपण होऊन बंद पडतो. हा दोष नव्हे. खांबावर काम करणाऱ्यास आपल्या छतावरून धक्का बसू नये, यासाठीच ती योजना आहे. भिंतीवरील प्लगमधून दिलेली जनरेटरची वीज मात्र मेन स्विच चालू राहिल्यास उलट वाटेने मीटरमधून बाहेरच्या तारांत जाते. रोहित्र, म्हणजे आपली डीपी, दोन्ही दिशांनी काम करते. वरून आलेली ११,००० व्होल्टची वीज ती घरगुती दाबावर आणते. खालून घरची वीज शिरली तर वरच्या तारांत पुन्हा हजारो व्होल्टचा दाब उभा राहू शकतो.

लहान जनरेटर साऱ्या आळीचा भार ओढू शकत नाही, तो गुदमरून बंद पडतो, म्हणून भय नाही, असे कित्येक सांगतात. परंतु वादळात तार तुटून आपले घर आळीपासून अलग झाले असेल, तर भार घरापुरताच राहतो, जनरेटर सुखेनैव चालतो, आणि तुटलेली तार जिवंत असते. मेन स्विच आठवणीने बंद करू, या भरवशावरही राहू नये. रात्रीची वेळ, पाऊस व घाई यांत आठवण चुकते. शिवाय त्या वायरीची एक पिन निसटली तर उघड्या पितळेत २३० व्होल्ट असतात, आणि घरात मुले असतात.

दुसरी हानी घरातच होते. जनरेटर सुरू होताच इन्व्हर्टरला वाहिनी परत आल्याचा भास होऊ शकतो व तोही वीज देऊ लागतो. समजा, दुपारी पत्रे २,२०० वॉट देत आहेत आणि घराचा खप ५०० वॉट आहे. उरलेले १,७०० वॉट जनरेटरमध्येच उलटे शिरू पाहतात. मग दाब वाढतो, फ्रीज व टीव्ही जळतात आणि जनरेटरचेही नुकसान होते.

यावर साधा उपाय म्हणजे चेंजओव्हर स्विच. त्याचा दांडा एका वेळी वाहिनी किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडतो. मध्ये 'बंद' अशी जागा असते. सिंगल फेजसाठी दोन पोलचा व थ्री फेजसाठी चार पोलचा घ्यावा, म्हणजे न्यूट्रलही तुटतो. मुख्य खुबी पुढेच आहे : सौर इन्व्हर्टरची जोडणी या स्विचच्या वाहिनीकडील बाजूस असावी. मग दांडा जनरेटरकडे नेला की इन्व्हर्टर वेगळा पडतो. तेवढा वेळ ऊन वाया जाते, ते जाऊ द्यावे.

ज्यांना वीज गेल्यावरही ऊन वापरायचे आहे, त्यांनी बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा; मात्र त्यास जनरेटरसाठी स्वतंत्र जोडणी आहे याची खात्री करावी. तेथेही बेताने घ्यावे. २ केव्हीएचा जनरेटर सुमारे १,६०० वॉट देतो. घराचा खप ५०० वॉट असता ४८ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जिंग प्रवाह १५ अँपिअरच्या पुढे लावू नये. अन्यथा इंजिन दबते, विजेची आवर्तने घसरतात आणि इन्व्हर्टर ती वीज नाकारतो. इन्व्हर्टर बिघडला अशी तक्रार पुष्कळदा यातूनच निघते. सौर कृषी पंपाच्या कंट्रोलरला जनरेटर परस्पर जोडणे तर सर्वथा टाळावे.

हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे व महावितरणास कळवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काम पुरे झाल्यावर एक परीक्षा अवश्य पाहावी : वीज गेलेली असता, दांडा जनरेटरवर असताना, इन्व्हर्टर वीज देत नाही ना? वाहिनीकडील टोकांवर दाब नाही ना, हे वायरमनकडून मल्टिमीटरने तपासून घ्यावे. खिशातल्या टेस्टरवर विसंबू नये.

जनरेटर घरात, ओसरीत किंवा गोठ्यात चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठतच नाही. अर्थिंगकडेही लक्ष असावे. गोदाकाठची काळी जमीन चैत्र-वैशाखात भेगाळते, अर्थिंगच्या सळईभोवतीची माती सुटते, आणि नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या विजा पडतात. त्या खड्ड्यात आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी घालावे. मोसंबीच्या आळ्यांना पाणी देताना हे काम सहज होते.