डोडोच्या बेटावरील गुलाबी कबूतर

‘पारवा’ हे आपल्या भाषेत जसे पक्ष्याचे नाव आहे, तसेच ते एका रंगाचेही आहे. म्हणूनच कबूतर गुलाबी असू शकते, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. परंतु हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर असे कबूतर खरोखरच आहे. त्याचे डोके, मान व छाती फिकट गुलाबी, पंख तपकिरी आणि शेपटी तांबूस असते. इतर कोणत्याही देशाच्या रानात ते आढळत नाही.

एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही जेथे नांदत आहेत, तेच हे बेट. डोडो येथलाच, आणि तोही कबुतरांच्याच कुळातला. डच खलाशी १५९८ मध्ये बेटावर उतरले आणि पुढील शंभर वर्षांच्या आत तो नामशेष झाला. गुलाबी कबुतराच्याही कपाळी तेच लिहिले होते. शेतीसाठी रान तुटले; माणसाबरोबर आलेले उंदीर, मांजरे, माकडे व मुंगूस अंड्यांवर आणि पिलांवर तुटून पडले. १९९० च्या सुमारास रानात अवघी दहाएक कबुतरे उरली.

सुदैवाने मदत आधीच सुरू झाली होती. १९७६ मध्ये प्राणिप्रेमी जेराल्ड डरेल मॉरिशसला गेले आणि काही पक्षी पकडून त्यांची पैदास करण्याचा उपक्रम सुरू झाला. पुढे कार्ल जोन्स यांनी हे काम नेटाने चालविले. पिंजऱ्यातील जोडपी अंडी नीट उबवीत नसत. तेव्हा ती पाळीव होल्यांखाली ठेवण्यात आली. १९८७ पासून पक्षी रानात सोडले जाऊ लागले. त्यांच्यासाठी दाणे ठेवणे, उंदीर-मांजरांना सापळे लावणे, घरट्यांवर पहारा ठेवणे हे काम अखंड चालले. उंदीरमुक्त केलेल्या ‘इल ओ ऐग्रेत’ या चिमुकल्या बेटावरही त्यांची वसाहत झाली. पुढे रानातील संख्या चारशेच्या वर गेली आणि २०१८ मध्ये त्यांच्यावरील संकटाची श्रेणी एका पायरीने खाली आली.

तरीही, वाचकहो, धोका टळलेला नाही. आजची सारी कबुतरे मूठभर पूर्वजांची संतती असल्याने त्यांच्यात आनुवंशिक दुबळेपणा आला आहे. प्राणिसंग्रहालयांत वाढलेल्या पक्ष्यांचे नवे रक्त मिळाले नाही, तर शतकभरात ही जात रानातून नाहीशी होऊ शकेल, असा इशारा २०२२ मधील एका संशोधनाने दिला आहे.

डोडो गेला, तेव्हा त्याला राखावे हे कोणाच्या ध्यानीही आले नाही. आज आपणांस सारे ठाऊक आहे. म्हणूनच गुलाबी कबूतर गेले, तर ती आपली चूक ठरेल.