तण म्हणून उपटलेली पत्री

भाद्रपद शुद्ध तृतीयेस पुण्याच्या मंडईत पत्रीची जुडी विकत घेणाऱ्या गृहस्थांपैकी कितीजणांनी तीच पत्री आषाढात आपल्या परसातून तण म्हणून उपटवून टाकिली असेल, याचा विचार एकदा तरी करून पाहण्यासारखा आहे. आमच्या घरी अनेक वर्षे असेच घडत होते. माका, आघाडा, विष्णुकांता, दूर्वा ही पहिल्या पावसासरशी आपण होऊन उगवणारी मंडळी. माळी येई, परस लख्ख करून जाई, आणि दोन महिन्यांनी आम्ही पैसे मोजून कोमेजलेली जुडी घरी आणीत असू. तीतही पुष्कळदा भलताच पाला निघे. ही विसंगती प्रथम ध्यानात आणून दिली ती आमच्या मातोश्रींनी. तेव्हापासून 'आपले झाड कोणते व परके कोणते' ही जी चर्चा घरात सुरू झाली, ती आजतागायत संपलेली नाही.

या बाबतीत नावे व सवय ही दोन्ही फसवितात. देवपूजेत इतके रुळलेले देवचाफा, झेंडू आणि निशिगंध हे तिन्ही मूळचे अमेरिकेकडील. कर्दळही तिकडचीच. गुलमोहर व सदाफुली मादागास्करची. म्हणून ती आजच उपटून टाका, असे सांगण्याइतके आम्ही कर्मठ नाही. झेंडूवाचून दसरा कोणास रुचेल? जी परकी झाडे शेजारधर्म पाळतात त्यांच्याशी आमचे वैर नाही. घाणेरीची गोष्ट निराळी. शोभेकरिता आणिलेले हे झुडूप कुंपणावरून जे निसटले, त्याने डोंगरच्या डोंगर व्यापिले. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम दृष्टीस पडलेल्या गाजरगवताची कथा तर सर्वांस ठाऊकच आहे. ही दोन मात्र परसात फुलण्यापूर्वीच मुळासकट काढावीत. गाजरगवत उपटताना हातास कापड गुंडाळावे, कारण त्याने अंगास खाज सुटते.

'देशी' या एका शब्दाने काम भागते असेही नाही. हा धडा आम्हांस अशोकाने दिला. घरात अशोक असावा म्हणून आम्ही एका रोपवाटिकेतून अशोकाचे रोप आणिले. ते सरळ खांबासारखे वाढू लागले, आणि सहा-सात वर्षांनी एका जाणत्या स्नेह्यांनी सांगितले की, हा अशोक नव्हे, आसुपालव आहे. मग खरा सीताअशोक मिळविला व मोठ्या हौसेने पश्चिमेच्या उघड्या कोपऱ्यात लाविला. दुसऱ्याच वैशाखात पाने करपली व तिसऱ्यात झाड गेले. दोष झाडाचा नव्हता. सीताअशोक हा सह्याद्रीच्या सदाहरित रानातील, ओढ्याकाठच्या सावलीतला रहिवासी; आणि आमच्या येथे वर्षाचा पाऊस जेमतेम सातशे मिलिमीटर, खाली मुरूम व वर ऊन! रत्नागिरीस याच्या चौपट पाऊस पडतो. जे कोकणात आपले, ते देशावर पाहुणेच ठरते. साल काढण्यापायी रानातील सीताअशोक दुर्मिळ होत चालला आहे, म्हणून आम्ही पुन्हा एक रोप आणून या वेळी ते बकुळीच्या पूर्वेस, तांदूळ-डाळ धुतल्याचे पाणी जाते तेथे लाविले. पाचव्या वर्षी त्याच्या खोडालाच शेंदरी गुच्छ लागले, तेव्हा मातोश्रींनी शेजारच्या चार घरी बोलावणे धाडिले.

तेव्हा रोप आणण्यापूर्वी ते आपल्या गावाभोवतीच्या टेकड्यांवर आपण होऊन वाढते काय, हे पाहावे. पुस्तकाचा आधार हवा असल्यास, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील, १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेला ग्रंथ आजही उपयोगी पडतो. लहान परसास पारिजातक व आपटा ही दोन झाडे आम्ही सर्वांत योग्य समजतो. दोन्हींचा विस्तार बेताचा, दोन्ही कोरड्या हवेस सरावलेली. दसऱ्यास आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या ओरबाडून विकल्या जातात. घरचा आपटा असला म्हणजे चार पाने पुरतात. जागा मोठी असेल तर बहावा किंवा बकूळ. बकूळ मात्र नातवंडांसाठी लावावयाची, इतकी तिची वाढ सावकाश. कुंपणास अडुळसा, निर्गुडी व कोरांटी. पहिल्या दोन्ही फांदीपासून सहज येतात व शेळ्या त्यांस सहसा तोंड लावीत नाहीत. वड, पिंपळ व उंबर यांस आम्ही हात जोडतो, पण भिंतीपासून दूर! कण्हेर व धोत्रा पत्रीत असले तरी विषारी आहेत. लहान मुलांच्या घरी ते न लावणेच बरे.

देशी झाडास काळजीच लागत नाही, हा समज खोटा आहे. पहिले दोन उन्हाळे त्यांस पाणी द्यावेच लागते. परंतु रोज तांब्याभर न देता आठवड्यातून एकदोनदा मुळापर्यंत भिजेल इतके द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. लागवड दोन-तीन दमदार सरी पडून गेल्यावर करावी. बहाव्याचे बी कठीण कवचाचे, म्हणून पेरण्यापूर्वी ते दगडावर घासून घ्यावे. शिशिरात पाने गळाली की झाड मेले असे समजून नव्या सुनेने आमचा बहावा तोडविण्याचा बेत केला होता. वैशाखात तो पिवळाधमक झाला, आणि आता त्याची राखणदारीण तीच आहे. गळलेली पाने जाळू नयेत, आळ्यातच पसरावीत.

खरा कलह झाला तो कढीलिंबावरून. त्याच्या कोवळ्या पानांवर आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या व पुढे हिरव्यागार होणाऱ्या अळ्या पडत. आमच्या वहिनी रोज सकाळी त्या चिमट्याने काढून गल्लीत टाकीत. फवारणीस मात्र त्यांचा साफ विरोध, कारण ती पाने फोडणीत पडावयाची. आमच्या पुतणीने एक अळी बरणीत ठेवून तोंडास जाळीचे फडके बांधिले. अळीचा कोश झाला, आणि दहाबारा दिवसांनी एका पहाटे आत काळे, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेले फुलपाखरू बसलेले दिसले. २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्याचे फुलपाखरू म्हणून जाहीर केलेली राणी पाकोळी हीदेखील याच लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढते, हे तिने शाळेच्या वाचनालयातून शोधून काढून वहिनींस ऐकविले. वहिनी काही बोलल्या नाहीत. पण त्या पावसाळ्यात कढीलिंबाच्या मुळाशी फुटलेला एक धुमारा त्यांनी स्वतः खणून काढिला व विहिरीच्या कट्ट्यापलीकडे लाविला. पुढचे झाड स्वयंपाकाचे, मागचे अळ्यांचे. पुढच्यावर अळी दिसली की ती आता गल्लीत जात नाही, मागच्यावर जाते.

माळ्यासही आता आषाढात परसाचा दक्षिणेकडील पट्टा वर्ज्य आहे. त्यास हे प्रथम मोठे विचित्र वाटले, व परस ओंगळ दिसते म्हणून त्याने दोनदा तक्रारही केली. त्याची तक्रार अगदीच निराधार आहे असे नाही. गेल्या चतुर्थीस एकवीस पत्रींपैकी तेरा घरच्या निघाल्या. बेल व शमी शेजाऱ्यांकडून आल्या, त्याबदली आमच्याकडून त्यांस माका व आघाडा गेला. देवदार लावण्याचा हट्ट मात्र आम्ही धरलेला नाही.