वेल्डिंगचे यंत्र निवडताना

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्याची राज्याला ओळख आहे ती बियाण्यांमुळे आणि पोलादामुळे. जालना शहरालगतच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळया तयार करणारे कारखाने आहेत. ग्रामस्थाचा लोखंडाशी नित्याचा संबंध मात्र येतो तो रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये. भोकरदन असो वा परतूर, मोडलेला वखर, ट्रॉलीचा हुक, शाळेचे फाटक, पाण्याच्या टाकीचा सांगाडा हे सारे तेथेच सांधले जाते. पूर्वी लोहार भात्यावर लोखंड लालबुंद करून घणाने जोडीत असे. त्या जागी आता वेल्डिंग सेट आला आहे. कर्ज काढून असा व्यवसाय सुरू करू पाहणारा तरुण प्रथम किंमत विचारतो. वास्तविक काम कोणते आणि वीज कशी, हे दोन प्रश्न त्याने आधी सोडवावयास हवेत.

खेड्यातील बहुतेक कामे विजेच्या ठिणगीवर, म्हणजे आर्क वेल्डिंगने होतात. लेप दिलेली रॉड आणि लोखंड यांच्यामध्ये ठिणगी पेटते, दोन्ही वितळतात आणि लेपापासून निघणारा वायू तप्त धातूला हवेपासून वाचवितो. वर साचणारे कवच हातोडीने काढून टाकावे लागते. उघड्या शिवारात, वाऱ्यातही ही पद्धत चालते, हे तिचे मोठे बळ.

कार्बन डायऑक्साइड वायूच्या संरक्षणात सलग तार पुरविणारे यंत्र वेगाने काम करते. ट्रॉल्या किंवा पेरणी यंत्रे संख्येने बनविणाऱ्या कारखान्यास ते परवडते. वाऱ्याच्या झोताने वायू उडून जात असल्याने ते आडोशाला ठेवावे लागते. आर्गन वायू व टंगस्टनच्या सुईवर चालणारी टिग पद्धत स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियमसाठी उत्तम. मात्र ॲल्युमिनियमकरिता ए.सी. प्रवाह देणारे यंत्रच घ्यावे लागते. गॅस वेल्डिंगची ज्योत ऑक्सिजन व ॲसिटिलीन यांच्या मिश्रणाची, सुमारे ३,१०० अंश सेल्सिअसची. पातळ पत्रा व पितळी डाग यांसाठी ती आजही उपयोगी आहे. ऑक्सिजनच्या काळ्या सिलिंडरच्या तोटीला तेलाचा वा ग्रीसचा हात कदापि लावू नये. स्फोट होऊ शकतो.

वीज आणि यंत्र

जुन्या घडणीचा ट्रान्सफॉर्मर सेट दणकट असतो व गावातही दुरुस्त होतो, पण तो अवजड असून वीज फार ओढतो. इन्व्हर्टर सेट एका हाताने उचलता येतो व विजेची बचत करतो. मात्र धूळ आणि विजेच्या दाबातील चढउतार त्याला मानवत नाहीत. बिघडल्यास त्याला जाणकार तंत्रज्ञ लागतो. म्हणून दुरुस्तीची सोय जालना शहरात आहे की नाही, हे खरेदीपूर्वीच पाहिलेले बरे.

दीड मीटर उंचीचे फाटक किंवा खिडकीची जाळी करण्यास २.५ मिलिमीटरची रॉड पुरते. तिला साधारण ६० ते ९० अँपिअर प्रवाह लागतो. ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला ९० ते १३०, तर ट्रॉलीच्या चौकटीसाठी ४ मिलिमीटरची रॉड वापरल्यास १४० ते १८० अँपिअर लागतात. तेव्हा खेड्यातील सर्वसाधारण शेडला २०० अँपिअरचा सेट पुरेसा आहे. पण पाटीवरील एवढा एकच आकडा वाचून भागत नाही. शेजारी ‘ड्यूटी सायकल’ लिहिलेली असते. २०० अँपिअरला ६० टक्के याचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटे काम व चार मिनिटे विश्रांती. स्वस्त यंत्रांत हा आकडा लहान असतो किंवा लिहिलेलाच नसतो.

२०० अँपिअरवर चालणारा इन्व्हर्टर सेट सिंगल फेजवर ३० अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढतो. घरातील १६ अँपिअरचे सॉकेट त्याला पेलणारे नव्हे. महावितरणकडून योग्य वर्गवारीची जोडणी व मंजूर भार घेणे आणि स्वतंत्र अर्थिंग करणे हाच मार्ग आहे. गावाच्या टोकाला दाब कमी येत असेल तर रॉड चिकटते व सांधा वरवरचा होतो. दोष मात्र कारागिरावर येतो.

सांधा कोठे फसतो

ट्रॉलीचा हुक भर रस्त्यात तुटला तर मागून येणाऱ्यांच्या जिवावर बेतते. असा सांधा गंज व रंग घासून काढून, जाड पट्टीच्या कडा उतरत्या करून मगच भरावा. बिडाची वस्तू साध्या रॉडने जोडल्यास सांध्याशेजारी तडकते. जालन्यात तयार होणाऱ्या टीएमटी सळईचा बाहेरील थर पाण्याच्या फवाऱ्याने कणखर केलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो मऊ पडू शकतो. यास्तव शाळाखोलीच्या स्लॅबमध्ये सळया तारेने बांधणेच योग्य, ठिकठिकाणी चिकटविणे नव्हे. बांधकामावर देखरेख करणाऱ्या पंचायत सदस्यांनी हे अवश्य पाहावे.

डिझेलची रिकामी टाकी धुतल्याखेरीज व वाफ काढल्याखेरीज तिला ठिणगी लावू नये. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपाचा धूर श्वासात गेल्यास ताप भरतो. ठिणगीकडे पाहत उभी राहणारी शाळकरी मुले रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी तळमळतात. त्या अतिनील किरणांचा तो परिणाम. शाळेच्या आवारात काम चालू असेल तर आडपडदा लावून घेणे मुख्याध्यापकांना सहज शक्य आहे. कारागिरासाठी १० ते १२ क्रमांकाची काच, कातडी हातमोजे व पावसाळ्यात कोरडी पादत्राणे आवश्यक होत. सेटच्या होल्डरवर काम नसतानाही ७०-८० व्होल्ट दाब असू शकतो व ओल्या अंगाला तो घातक ठरतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वेल्डर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम शिकविला जातो. कारागिराचे कौशल्य पाहण्याची एक सोपी कसोटी तेथे शिकविली जाते आणि ती कोणालाही करता येते. दोन पट्ट्या काटकोनात एकाच बाजूने जोडून घ्याव्यात, व्हाइसमध्ये धरून हातोडीने सांधा मोडेपर्यंत वाकवाव्यात आणि आतील बाजू पाहावी. धातू मुळापर्यंत एकजीव झालेला दिसला तर काम चांगले. काळे कवच अडकलेले, पोकळ्या पडलेल्या किंवा पट्टीची मूळ कड तशीच राहिलेली दिसली, तर प्रवाह कमी पडला किंवा हात घाईचा झाला असे समजावे.